खसखस

चार जणी होत्या, बिनाकीतल्या आमच्या गच्चीवर,
जुन्या कूलरच्या सांगाड्यात:
जवस, मोहरी, तीळ,
आणि अंगभर ठिपके म्हणून खसखस.
लाव्या.
गल्लीतले बटेर म्हणतात
आणि लगेच विचारतात, कधी कापता?

होळीच्या मागेपुढे एका रात्री मांजर उतरलं.
लावी घाबरली की बाजूला पळत नाही,
सरळ वर उडते,
जणू वर अजून आभाळच आहे.
वर पत्रा होता.
मीच ठोकलेला.

सकाळी डोक्याची कातडी सोललेली,
आणि एकाच वाटीत दाणे टिपणाऱ्या बाकी तिघी
त्या लालावर चोच मारत होत्या.
रागाने नाही.
आपण खपली काढतो ना, तशा,
मन लावून.

दवाखान्यात माझ्या पुढे एक बैल होता,
मागे कुणाचा तरी केसाळ, गोरा कुत्रा.
मध्ये मी, चपलेचं खोकं मांडीवर.
सीझनचे दिवस. धरमपेठेतून तिसऱ्यांदा फोन:
मिस्त्री, कूलर गरम हवा फेकतो, येता कधी?
म्हटलं, दवाखान्यात आहे,
घरच्या एका बाईला लागलंय.
ते गप्प झाले. म्हणाले, सावकाश या.

खोब्रागडे मॅडमनी वजन केलं. एकशे चाळीस ग्रॅम.
हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.
औषध लावून म्हणाल्या,
जखम तपकिरी दिसू द्या, लाल नको.
वेगळी ठेवा, पण आवाज तोडू नका.
ऐकू येत राहिली पाहिजे त्यांना,
नाहीतर परकी होईल.

मग खोकं खिडकीत, वर गच्ची.
खाली ताट्यांतून उरलेलं वुडवूल,
काडीला कापूस गुंडाळून सकाळ-संध्याकाळ मलम.
कुंदा दारातून बघायची:
माह्यं डोकं दुखलं तं बामाची डबी सापडत नाही तुमाले,
अन् हिचं पाहा!
दुपारी मी कामावर गेलो की
तीच उकडलेलं अंडं कुस्करून भरवायची.
नखांत पिवळं दिसायचं. मी बोललो नाही.

संध्याकाळी वरून एक बारीक शीळ यायची.
खोक्यातून उत्तर जायचं,
आधी फाटकं, मग जरा जुळलेलं.
ते काय बोलायच्या कोण जाणे.
शेजारच्या हेडाऊंना वाटलं, पंप बिघडला.

एकोणीस दिवसांनी मी सांगाड्यात मधोमध जाळी लावली.
एका बाजूला ती, दुसरीकडे त्या.
पहिल्या दिवशी जवसने मान ताणली,
जाळीवर चोच आपटली.
सहाव्या दिवशी दोघी जाळीला टेकून बसलेल्या,
तिकडे बघत नाही असं दाखवत.

नवतपा लागला होता.
त्या रात्री मी सगळं उलथवलं,
पाणी उजवीकडचं डावीकडे, वीट इथली तिथे,
म्हणजे हे घर कुणाचंच जुनं नको.
अंधारात जाळी काढली
आणि टाकीला पाठ लावून बसलो.
गच्ची अजून तव्यासारखी.

उजाडताना जवसने एकदा टोचलं, मानेवर.
खसखस दबून बसली.
माझा हात निम्म्यात गेला नि थांबला.
मग तीळ वाळूच्या घमेल्यात उतरली,
पाय झाडू लागली, पंख फुलवून,
तिच्यामागे मोहरी, तिच्यामागे जवस.
कडेला जरा जागा होती.
खसखस तिथे घुसली.
इतकी धूळ उडाली
की ठिपके कुणाचे, कळेना.
टक्कल तेवढं दिसत होतं.

पत्रा मी त्याच दिवशी काढला.
वर दणकट जाळी, तिच्याखाली वीतभर सोडून
ताणून बांधली कुंदाची जुनी सुती साडी.
तिने विचारलं नाही, कोणती.

परवा रात्री मांजर पुन्हा आलं असावं.
सकाळी साडीला आतून
एक पीस अडकलेलं,
आणि खाली चौघी
एकाच वाटीत.